माळावर बाण का चालत नाही?

शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी एकदा पारधी झालो होतो. गालावर काजळाच्या रेघा, डोक्यात मोरपीस, हातात वेळूचं धनुष्य. आमच्या इंदापूर तालुक्यात पारध्यांची पालं कुणी पाहिली नव्हती असं नाही, तरी सरांना धनुष्यच सुचलं. वर्गातला फासेपारधी मित्र नंतर हसत म्हणाला, "आमच्यात कुठं असतंय धनुष्य? आम्ही फाशावाले."

हे वाक्य मला कळलं ते फार उशिरा. शेजारच्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळला, तेव्हा हुरूप येऊन मीही तिरंदाजी शिकायला लागलो.

बाण निवडताना दोन गोष्टी बघतात, ताठरपणा आणि वजन. दोरी सुटल्यावर बाण सरळ जात नाही. तो वाकतो, माशासारखा वळवळत धनुष्याच्या कडेनं निघतो. फार लवचीक असेल तर एका बाजूला भरकटतो, फार ताठ असेल तर दुसऱ्या. म्हणून २८ इंचांवर टेकवलेल्या काडीच्या मधोमध साधारण ८८० ग्रॅम वजन टांगून ती किती वाकते ते मोजतात. वजनाचं गणित वेगळं. हलका बाण वेगात जातो, पण खोल रुतत नाही. जड बाण रुततो, पण सावकाश जातो आणि लवकर खाली येतो. हा फरक आपल्याकडे जुनाच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या यादीत वेळूचा बाण वेगळा आणि अख्खा लोखंडी 'नाराच' वेगळा.

आता हे गणित कडबनवाडीच्या माळावर मांडून बघा. गवत खुरटं, आडोसा नाही, चिंकारा लांबूनच बघतो. समजा, तरी ३० मीटरपर्यंत पोचलात. सेकंदाला ५० मीटर वेगाच्या बाणाला ०.६ सेकंद लागतो. दोरीचा आवाज ०.१ सेकंदाच्या आतच पोचतो. उरलेला अर्धा सेकंद हरणाचा. बाण हलका केला, तर जखमी हरीण पळून जाणार. जड केला, तर त्याला आणखी वेळ मिळणार. सातपुड्याच्या झाडीत जवळून नेम धरता येतो, तिथे भिलांचा कामठा कामाला येतो. इथे नाही.

फासेपारध्यांनी वेगळा रस्ता काढला. हरणाच्या मागे धावायचं नाही, त्याच्या वाटेवर फासे मांडायचे. शिकवलेल्या बैलाच्या आडून पुढे सरकायचं आणि हरणाला हळूहळू तिकडे वळवायचं. बैल चरताना दिसला तर हरीण बिचकत नाही. यासाठी वारा, पायवाटा, जनावराचा स्वभाव, सगळं पाठ असावं लागतं.

हे ज्ञान असलेल्या माणसांवर इंग्रजांनी गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला. १८७१चा कायदा १९११नंतर मुंबई इलाख्यातही आला. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ला कागदावरून पुसला गेला. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली. चिंकाऱ्यासाठी ते गरजेचंच होतं, पण हातातलं कसब गेलं आणि संशय मात्र राहिला. गावात चोरी झाली की पहिली बोटं मित्राच्या पालाकडे वळायची, हे मी पाहिलंय. त्याच्या फाशांबद्दल कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

परवा गॅदरिंगचा फोटो त्याला पाठवला. लगेच उत्तर आलं, "आता तरी नीट धरता येतंय का धनुष्य?"