सायकल मिळाली, पण टिकणार कशी? घरच्या घरी करता येणारी दुरुस्ती

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके असलेल्या हिंगोली जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार दर शंभरातली साधारण ८५ माणसं खेड्यात राहतात. लहान गावात शाळा असली तरी वरचे वर्ग नसतात. मग शेजारचं मोठं गाव गाठावं लागतं. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस मुलींची ने-आण करतात, पण प्रत्येक वाडी-तांड्यापर्यंत बस पोहोचत नाही. तिथे उरते ती सायकल.

याच कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळतं. घरापासून शाळा पाच किलोमीटरच्या आत असावी अशी अट आहे. २०२२ मध्ये ही रक्कम ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. मात्र हे अनुदान खरेदीसाठी असतं आणि एकदाच मिळतं. म्हणजे आठवीत घेतलेली सायकल बारावीपर्यंत चालवायची.

आता थोडा हिशेब करू. शाळा पाच किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन रोजचे दहा किलोमीटर होतात. वर्षाचे २०० दिवस धरले तर दोन हजार किलोमीटर, आणि पाच वर्षांत दहा हजार. एवढं अंतर कोणतीही सायकल देखभालीशिवाय काढत नाही.

सायकलने खरंच किती फरक पडतो? बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींसाठी सायकल योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचं आढळलं. शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत ही वाढ सगळ्यात जास्त होती. याचा दुसरा अर्थ असा की, ज्या घरांपासून शाळा लांब आहे तिथेच सायकल बंद पडणं सगळ्यात महागात पडतं. त्यात मिस्त्रीचं दुकानही बहुतेक वेळा शाळेच्याच गावात असतं.

हवा गेली म्हणजे पंक्चरच, असं नाही

सकाळी चाक बसलेलं दिसलं की पहिला संशय पंक्चरवर जातो. पण साध्या सायकलच्या ट्यूबला जुन्या पद्धतीचा वॉल असतो. त्यातल्या पिनेवर रबराची एक बारीक नळी चढवलेली असते, तिला वॉल ट्यूब म्हणतात. आत जाणारी हवा या नळीला फुगवून वाट काढते आणि आतली हवा बाहेर येऊ लागली की नळी पिनेवर घट्ट बसून भोक बंद करते. उन्हात हे रबर कडक होतं, चिरतं आणि हवा हळूहळू निघून जाते.

तपासायला एक मिनिट लागतं. चाकात हवा भरा आणि वॉलच्या तोंडावर पाण्याचा थेंब ठेवा. बुडबुडा आला तर दोष वॉल ट्यूबचा. वरचा नट सोडवून पिन बाहेर काढा, जुनी नळी खरवडून टाका आणि नवीन नळी पाण्याने ओली करून पिनेवर सरकवा. पिनेच्या बाजूचं बारीक छिद्र तिने पूर्ण झाकलं पाहिजे. नळी सहज सरकावी म्हणून तेल लावू नका, तेलाने रबर सडतं. वॉल ट्यूबचा तुकडा अगदी किरकोळ किमतीत मिळतो. चार-पाच तुकडे दप्तरात राहू द्या.

हवा किती भरायची? टायरच्या बाजूवर ‘पीएसआय’चा आकडा छापलेला असतो, तेवढी. मोजायचं साधन नसेल तर टायर अंगठ्याने जोर लावून दाबून पाहा. जेमतेम दबलं पाहिजे. कमी हवेवर सायकल चालवली की खड्ड्यात रिंग आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चेमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. असं जोड-भोक दिसलं तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती हेच कारण.

पंक्चर काढताना चुकतं कुठे?

मराठवाड्यातल्या पांदीवर सराटे आणि बाभळीचे काटे यांना तोटा नाही. त्यामुळे पंक्चर काढता येणं हे इथलं सगळ्यात उपयोगाचं काम. यासाठी चाक काढावं लागत नाही, मिस्त्रीही सहसा काढत नाही. सायकल आडवी ठेवा, वॉल सोडवा, टायरची एक कड चमच्याच्या दांड्याने रिंगेच्या बाहेर काढा आणि ट्यूब ओढून घ्या. स्क्रू ड्रायव्हर वापरला तर त्याचं टोक ट्यूबला दुसरं भोक पाडतं.

ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत न्या. बुडबुडे दिसतील तिथे पेनने खूण करा. एक भोक सापडलं म्हणून थांबू नका, पूर्ण ट्यूब फिरवा. सराट्याला एकापेक्षा जास्त काटे असतात.

मग ट्यूब कोरडी करा. भोकाभोवतीची जागा पॉलिश पेपरने घासून खरखरीत करा. सोल्यूशनचा पातळ थर पॅचपेक्षा मोठ्या जागेवर पसरवा. आणि आता थांबायचं. बहुतेक घरगुती पंक्चर इथेच फसतात. सोल्यूशन ओलं असतानाच पॅच लावला तर तो दोन दिवसांत निघतो. चार-पाच मिनिटांनी सोल्यूशनची ओली चमक गेली आणि बोटाला ते ओलं लागेनासं झालं, की मगच पॅच मधोमध ठेवून जोरात दाबा.

ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून जाड फडकं फिरवा. बोट फिरवलं तर काटा बोटात जाईल. फडकं अडकेल तिथे काटा आहे, तो चिमट्याने उपटून टाका. काटा तसाच राहिला तर शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचायच्या आत नवीन पॅचच्या शेजारी नवीन भोक पडतं, आणि दोष बिचाऱ्या पॅचला लागतो.

पंक्चर वारंवार होत असेल तर जुनी बाद ट्यूब लांबीत कापून तिची पट्टी टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये बसवा. सायकल किंचित जड चालते, पण लहान काटे पट्टीतच अडतात. या भागासाठी ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची सुधारणा.

काळी माती: पावसाळ्यातला खरा त्रास

शहरातले सायकलचे व्हिडिओ या माणसांच्या कामाचे का नसतात, ते पहिल्या मोठ्या पावसानंतर कळतं. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते. चाकाला लागलेला चिखल मडगार्डच्या आत साचत जातो, दहा-वीस पावलांत चाक जाम होतं आणि सायकल खांद्यावर घ्यायची वेळ येते.

उपाय दोन. पहिला, मडगार्ड आणि टायर यांच्यात बोटभर तरी मोकळी जागा ठेवा. मडगार्डच्या तारेचे नट सैल करून तो थोडा वर सरकवता येतो. दुसरा, कॅरिअरला एक चपटी काडी अडकवून ठेवा आणि चिखल भरला की थांबून काढा. जोर लावून पायडल मारत राहिल्यास चेन किंवा मडगार्डची तार तुटते.

घरी आल्यावर चिखल वाळायच्या आत बादलीभर पाणी आणि फडक्याने सायकल पुसून काढा. मोटारीच्या पाइपचा फवारा मात्र चाकाच्या मध्यावर किंवा पायडलच्या दांड्याजवळ सोडू नका. तिथे आत छर्रे आणि ग्रीस असतं. पाणी शिरलं की ग्रीस धुऊन जातं आणि छर्रे गंजतात.

चेनला तेल किती, कोणतं?

थोडं आणि पातळ. शिलाई मशीनचं तेल चालतं, पावसाळ्यात मात्र ते लवकर धुतलं जातं म्हणून जास्त वेळा लावावं लागतं. गाडीचं जळकं काळं ऑइल फुकट मिळतं म्हणून अनेक जण वापरतात. ते दाट असतं, धूळ धरतं आणि त्याची लापी होऊन चेन घासत राहते. खोबरेल तेलही नको, थंडीत ते गोठतं.

आधी रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने चेन पुसा (चुलीपासून लांब). मग प्रत्येक कडीच्या सांध्यावर एकेक थेंब टाका, पायडल उलटं फिरवा आणि बाहेरून दिसणारं तेल पुसून घ्या. रिंगेवर तेल उडू देऊ नका, नाहीतर ब्रेक लागणार नाही.

चेन मधोमध बोटाने वर-खाली करून पाहा. अर्ध्या इंचाच्या आसपास हालली तर ठीक. जास्त सैल असेल तर मागच्या चाकाचे दोन्ही नट ढिले करून चाक मागे ओढा आणि ते दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर आहे हे पाहून नट घट्ट करा. चेन बदलायची वेळ शाळेच्या पट्टीने कळते. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनमध्ये २४ कड्या बरोबर १२ इंचांत बसतात. त्या १२ इंच आणि वर इंचाचा आठवा भाग एवढ्या झाल्या, की चेन बदला. झिजलेली चेन फ्रीव्हीलचे दातही खाते.

ब्रेक, सीट आणि ओढणी

ब्रेक पूर्ण दाबल्यावर लिव्हर मुठीला टेकता कामा नये. टेकत असेल तर तार किंवा दांडी आवळून घ्या. ब्रेकचं रबर रिंगेला लागलं पाहिजे, टायरला लागलं तर ते टायर कापतं. पुढचा ब्रेक काढून टाकायची सवय काही मुलांना असते. उतारावर सायकल थांबवायचं बरचसं काम तोच करतो.

वाढत्या वयाचा विचार करून एक माप मोठी सायकल घेतली जाते. तशी सायकल असली तर सीट खाली घ्या. टाच पायडलवर ठेवून पाय खाली नेला असता तो जवळपास सरळ व्हावा, ही उंची योग्य. सीट वर घेताना दांडीवरची हद्दीची खूण बाहेर दिसू देऊ नका.

ओढणी चाकात अडकून होणारे अपघात टाळायला मागच्या चाकाला जाळी बसवा आणि चेन कव्हर काढू नका. संध्याकाळी परतायचं असेल तर मागच्या मडगार्डला लाल आणि पुढे पांढरी रिफ्लेक्टर पट्टी चिकटवा. गिअर आणि शॉकअपवाल्या स्वस्त सायकली मुलांना आवडतात. पण चिखलात गिअर आधी बिघडतो आणि त्याचे सुटे भाग गावात मिळत नाहीत. रोज शाळेला जायचं असेल तर पूर्ण मडगार्डची बिनगिअरची सायकलच बरी.

हे मात्र मिस्त्रीकडेच

आउट झालेली रिंग, तुटलेल्या तारा, क्रँकची ढिली खिळी आणि मधले छर्रे ही कामं अंदाजाने करायची नाहीत. फ्रेमच्या किंवा पुढच्या चिमट्याच्या जोडावर तडा दिसला तर सायकल चालवत नेऊ नका, हातात धरून न्या.

पायडल मात्र घरी बदलता येतं. अनेक जण डावं पायडल सोडवताना उलट अधिकच आवळतात आणि आटे घालवून बसतात, कारण त्याचे आटे उलटे असतात. पाना वरच्या बाजूला उभा धरा. तो सायकलच्या पुढच्या चाकाकडे झुकवला की पायडल घट्ट होतं, मागच्या चाकाकडे झुकवला की सुटतं. दोन्ही बाजूंना हाच नियम.