निधी, फासा आणि संहिता

भवभूतीने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत पूर्वजांचे स्थान म्हणून पद्मपुराचा उल्लेख केला आहे. हे पद्मपूर म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावनजीकचे पदमपूर होय, असे प्रतिपादन वा. वि. मिराशी यांनी केले. दुर्ग भागात मिळालेल्या एका अपूर्ण वाकाटक ताम्रपटातील ‘पद्मपूर’ हे स्थलनाम त्यांच्या विवेचनात महत्त्वाचे ठरले. धातू म्हणून त्या पत्र्याचे मोल किरकोळ. त्याचे खरे मोल त्याच्या भूतकाळात आहे. १८७८ च्या भारतीय निधी कायद्याची दृष्टीही काहीशी अशीच आहे. १० रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडला, तर तो जिल्हाधिकाऱ्याला कळवावा लागतो आणि गेल्या शंभर वर्षांत तो कोणी पुरला होता काय, याची चौकशी होते. निधी म्हटला की तो पुरणारा कोणीतरी गृहीत धरलेला असतो.

हे गृहीतकच ज्यात रद्द होते असा एक वाङ्मयसदृश प्रकार १९७४ मध्ये अमेरिकेत जन्मास आला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात खेळाडू काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन भुयारांत शिरतात आणि पंच त्या भुयारांचे वर्णन करतो. कोणत्या दालनात काय आहे, हे ठरविण्यासाठी नियमपुस्तिकेत फासा सुचविला आहे. सहा बाजूंच्या फाशावर १ किंवा २ पडल्यास दालनात राक्षस. राक्षस असल्यास पुढील फेकीत १ ते ३ पडले तर धन, नसल्यास केवळ १ पडले तरच धन. हिशेब केला असता १८ दालनांपैकी सरासरी पाचांत धन निघते, तर दहा दालने सर्वस्वी रिकामी राहतात. ते धन कोणी ठेवले, हा प्रश्न नियमांना पडत नाही.

मग येथे लेखकाचा लोप झाला, असे म्हणावे काय? तसे म्हणणे घाईचे होईल. धनाची विभागणी ज्या अक्षरांकित वर्गांत केली आहे, त्यांतील दरोडेखोरांच्या ‘ए’ वर्गात तांब्याची नाणी मिळण्याची शक्यता २५ टक्के, चांदीची ३० व सोन्याची ३५ टक्के आहे. ड्रॅगनच्या ‘एच’ वर्गात हेच प्रमाण २५, ५० व ७५ असे चढत जाते. सर्वच वर्गांत ही चढण नाही. परंतु जेथे आहे तेथे सोने तांब्याहून सुलभ झाले आहे. याउलट नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये मिळालेला, १३,००० हून अधिक नाण्यांचा निधी क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा होता. विदर्भातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सापडलेली सातवाहन नाणी तर पोटीन या हलक्या मिश्रधातूची होती. तेव्हा कोष्टकातील टक्केवारी इतिहासातून आलेली नाही, ती अद्भुतकथेच्या संकेतांतून आली आहे. कोष्टककर्ता वाक्ये लिहीत नाही. कोणती वाक्ये संभवनीय आहेत, एवढे तो ठरवितो. हेही कर्तृत्वच आहे, आणि ते यदृच्छेच्या आड दडत असल्यामुळे त्याची चिकित्सा अधिक आवश्यक ठरते.

परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडल्या गेलेल्या मोक्षपटाशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. तेथे कवड्यांचे दान खेळाडूला हलविते. सापशिड्यांनी आखलेली पापपुण्याची संहिता मात्र अढळ असते. यदृच्छा वाचकाच्या वाट्याला येते, अर्थाच्या नव्हे. निधिकोष्टकात फासा संहितेतच शिरतो.

तरीही तिचा पूर्ण ताबा त्याला दिलेला नाही. महत्त्वाचे निधी पंचाने विचारपूर्वक ठेवावेत व उरलेल्यांपुरता फासा वापरावा, असा सल्ला त्याच १९७४ च्या पुस्तिकांत आहे. शिवाय मिळालेल्या सोन्यामागे पात्राला अनुभवगुण मिळत असल्याने धन हाच त्या कथेतील प्रगतीचा मापदंड होता. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा नियम ऐच्छिक झाला आणि नशिबाने सापडणाऱ्या धनाचे कथेतील वजन घटले.

जोगलटेंभीच्या नाण्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला आहे. एका राजाच्या संहितेवर दुसऱ्याची संहिता उमटली आहे. कोष्टकातून निघालेले नाणे असे कोरे असते की त्यावर पहिला ठसाही नसतो. रिकाम्या दालनात चांदी सापडली की ‘ही येथे कशी आली?’ असा प्रश्न खेळाडू विचारतात. पंच उत्तर रचतो आणि निधीला भूतकाळ मागाहून लाभतो. ताम्रपट वाचणारा संशोधकही तुटक पुराव्यातून भूतकाळ जुळवितो. पण त्याची जुळणी दुसरा ताम्रपट खोटी ठरवू शकतो. पंचाच्या उत्तराला असा प्रतिपुरावा संभवत नाही. वाचक अर्थ निर्माण करतो, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच लावण्यापूर्वी हा फरक ध्यानी घ्यावयास हवा.