जुन्या लॅपटॉप संगणकांची घरगुती दुरुस्ती

जुन्या लॅपटॉप संगणकांची घरगुती दुरुस्ती म्हणजे उत्पादन आणि अधिकृत सेवा बंद झालेले लॅपटॉप घरच्या घरी, मर्यादित साधनांनी पुन्हा चालू स्थितीत आणण्याचे काम होय. यंत्र वापरण्याजोगे करणे याला दुरुस्ती, तर ते शक्य तितके मूळ रूपात आणणे याला पुनरुज्जीवन म्हटले जाते. हे काम छंद म्हणून, काटकसरीसाठी किंवा ई-कचरा टाळण्यासाठी केले जाते. मराठीच्या संदर्भात त्याला आणखी एक कारण आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी संगणकावर लिहिलेला पुष्कळ मराठी मजकूर त्या काळातील यंत्रांमध्ये व फॉंटांमध्ये अडकून पडलेला आहे. तो जसाच्या तसा वाचण्याचा खात्रीचा मार्ग अनेकदा ते जुने यंत्र चालू करणे हाच असतो.

पार्श्वभूमी

सहज उचलून नेता येणाऱ्या संगणकांची सुरुवात १९८० च्या दशकाच्या आरंभी झाली. १९८१ मधील ऑस्बोर्न १ या संगणकाचे वजन सुमारे ११ किलोग्रॅम होते आणि त्यात बॅटरी नव्हती. पुस्तकाप्रमाणे मिटणारी रचना १९८२ मधील ग्रिड कंपास ११०१ या यंत्रात आढळते. त्यानंतर तोशिबा टी११०० (१९८५), ॲपल पॉवरबुक (१९९१) आणि आयबीएम थिंकपॅड ७००सी (१९९२) ही यंत्रे आली. आज रूढ असलेला लॅपटॉपचा आकार त्यांतून स्थिरावला.

कोणत्या यंत्राला ‘जुने’ म्हणावे याची ठाम व्याख्या नाही. दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र तीन ढोबळ गट पडतात. पहिला गट १९९० च्या दशकाच्या मध्यापूर्वीचा असून त्यात डॉस किंवा विंडोज ३.१ ही प्रणाली, बहुधा एकरंगी पडदा आणि निकेल-कॅडमियम बॅटरी असते. दुसरा गट विंडोज ९५ ते विंडोज एक्सपी या काळातला असून त्यातील हार्ड डिस्क ४४ पिनांच्या आयडीई जोडणीची असते. तिसरा गट साधारण २००५ नंतरचा असून त्यात साटा जोडणी आणि शिसेविरहित डाखकाम आढळते.

मराठी मजकुराचा प्रश्न

प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) ही संस्था १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झाली. तिच्या आयएसएम या सॉफ्टवेअरमुळे आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीमुळे मराठी टंकलेखन घरोघरी व मुद्रणालयांत पोहोचले. आकृती, कृतिदेव यांसारखे फॉंटही वापरात होते. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे संकेतन १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. परंतु विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय विंडोज २००० पासून झाली. तीही सर्वसामान्यांच्या अंगवळणी पडायला पुढे बरीच वर्षे लागली.

मधल्या काळातील बहुतेक फॉंटांमध्ये रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. प्रत्येक फॉंटातील ही मांडणी वेगळी असे. त्यामुळे डीव्हीबी-टीटी सुरेखमध्ये लिहिलेले पत्र तो फॉंट नसलेल्या संगणकावर उघडल्यास निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. मजकूर नष्ट झालेला नसतो, पण तो वाचताही येत नाही.

अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. तथापि जोडाक्षरे, रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि अंक यांत चुका राहतात. मूळ संगणकाच्या पडद्यावर दिसणारे पान समोर असेल तर या चुका ताडून पाहता येतात. काही सॉफ्टवेअरसोबत समांतर पोर्टला जोडण्याचे कुलूप येत असे. हे कुलूप आणि २५ छिद्रांचे ते पोर्ट दोन्ही असल्याखेरीज सॉफ्टवेअर चालत नाही, आणि आजच्या लॅपटॉपवर असे पोर्ट नसते. स्मरणिका, दिवाळी अंक व पुस्तके यांच्या जुळणीसाठी वापरल्या जाणाऱ्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली. त्याच्या फायली पाहण्यासाठीही जुने यंत्र उपयोगी पडते.

साधने

घरगुती कामासाठी पुढील साधने पुरेशी ठरतात : बारीक स्क्रू-ड्रायव्हरांचा संच, मल्टिमीटर, तापमान कमी-जास्त करता येणारी सोल्डरिंग आयर्न, मऊ ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, चिमटा, कडा उचकटण्यासाठी प्लॅस्टिकची पातळ पट्टी आणि आयडीई अथवा साटा डिस्क यूएसबीला जोडणारा अडॅप्टर. शिसे-कथील मिश्रणाची तार (६३:३७) १८३ अंश सेल्सिअसला वितळते, तर शिसेविरहित डाख सुमारे २१७ अंशांना. त्यामुळे नव्या बोर्डांवर काम करताना अधिक उष्णता लागते आणि तांब्याच्या रेषा उखडण्याचा धोका वाढतो.

कामाचा क्रम

दुरुस्तीत क्रमाला महत्त्व आहे. मजकूर आधी आणि यंत्र नंतर, हे त्यातील मूळ सूत्र होय. बंद पडलेले यंत्र पुढे केव्हाही दुरुस्त करता येते, परंतु घाईने चालू केल्यामुळे खराब झालेल्या डिस्कवरील मजकूर परत मिळेलच असे नाही.

१. नोंद : यंत्राचे नाव, क्रमांक आणि चार्जरचा व्होल्टेज लिहून ठेवावा. उघडताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असल्याने कागदावर आकृती काढून ते त्या त्या जागी चिकटवून ठेवावेत. लांब स्क्रू आखूड जागी बसवल्यास तो बोर्ड किंवा पडदा फोडू शकतो.

२. डिस्कची प्रत : हार्ड डिस्क बाहेर काढून तिची संपूर्ण प्रतिमा दुसऱ्या संगणकावर घ्यावी आणि पुढील सर्व काम त्या प्रतीवर करावे. डिस्कमधून खटखट असा आवाज येत असल्यास ती पुन्हा पुन्हा चालू करू नये. मजकूर मोलाचा असेल तर ती तज्ज्ञाकडे सोपवावी. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपी यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हवर वाचता येतात, मात्र त्यांवर बुरशी नाही याची आधी खात्री करावी. बुरशी आलेली चकती ड्राइव्हचे वाचनशीर्षही खराब करते.

३. वीजपुरवठा : चार्जरचा व्होल्टेज व ध्रुवता मल्टिमीटरने तपासावी. मुख्य बॅटरी काढून यंत्र केवळ चार्जरवर चालवून पाहावे.

४. स्वच्छता : पंखा व उष्णता वाहून नेणारी जाळी यांतील धूळ काढावी. प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी.

सामान्य बिघाड

घड्याळाची बॅटरी : तारीख व प्रारंभिक मांडणी लक्षात ठेवणारी ही लहान बॅटरी जुन्या यंत्रांत निकेलवर्गीय असते. ती गळल्यास तिच्यातील अल्कधर्मी द्रव बोर्डवरील तांबे खातो आणि हिरवट-पांढरा थर जमतो. बॅटरी काढून टाकून तो भाग पांढऱ्या व्हिनेगरने हलकेच पुसतात, मग ऊर्ध्वपातित पाणी व अल्कोहोलने स्वच्छ करून पूर्ण वाळवतात.

कपॅसिटर : १९९० च्या सुमारास वापरलेले लहान इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कालांतराने गळतात. बोर्डाला मासळीसारखा वास येणे ही त्याची एक खूण आहे. बदलताना धारकता तीच ठेवावी, व्होल्टेजची क्षमता मूळ इतकी किंवा अधिक असावी आणि ध्रुवता पाळावी.

पडदा : पडदा काळा दिसत असल्यास त्यावर तिरका टॉर्च धरावा. चित्र अंधूक दिसले तर दोष पडद्यात नसून मागील प्रकाशयोजनेत आहे. जुन्या पडद्यांवरील ध्रुवक पटल कुजते, त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो आणि डाग पसरतात. ते पटल खरवडून नवे बसवणे शक्य असले तरी हे चिकाटीचे काम आहे.

बिजागरी व कवच : प्लॅस्टिक ठिसूळ झाल्याने बिजागरीजवळचे खांब तुटतात. बिजागरी आधी सैल करून मग इपॉक्सीने खांब सांधावेत, अन्यथा सांधा पुन्हा तुटतो. पिवळे पडलेले कवच हायड्रोजन पेरॉक्साइड व सूर्यप्रकाशाने उजळता येते, पण हा परिणाम कायम टिकतोच असे नाही.

हार्ड डिस्क : मूळ डिस्क निकामी असल्यास कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड अडॅप्टरद्वारे बसवता येते, कारण त्याची विद्युत जोडणी आयडीईशी जुळते. मात्र जुन्या यंत्रांचे बायोस मोठी डिस्क ओळखत नाही. ५०४ मेगाबाइट, ८.४ गिगाबाइट आणि १३७ गिगाबाइट या त्यातील परिचित मर्यादा आहेत.

सुरक्षितता

मागील प्रकाशासाठी २००० च्या दशकापर्यंत बारीक नळीदिवे वापरले जात. त्यांना इन्व्हर्टर शेकडो व्होल्टचा दाब पुरवतो, म्हणून यंत्र चालू असताना त्या भागाला हात लावू नये. या नळ्यांत अल्प प्रमाणात पारा असतो, त्यामुळे त्या फुटू देऊ नयेत. लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टपेक्षा अधिक चार्ज झाल्यास पेट घेण्याची शक्यता असते. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये वा चार्ज करू नये. अशा सेलना थेट डाख देणे धोक्याचे असल्याने बॅटरी नव्याने बांधण्याचे काम घरी टाळावे. डाखकाम हवेशीर जागी करावे आणि शिसे हाताळल्यावर हात धुवावेत.

घोडेगाव परिसरातील परिस्थिती

घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचे मुख्यालय घोड नदीच्या काठी वसलेले आहे. तालुक्याचा पश्चिम भाग भीमाशंकरच्या डोंगररांगेत मोडतो आणि तेथे पावसाळ्यात मुसळधार पाऊस पडतो. अशा हवामानात महिनोन्‌महिने बंद असलेल्या यंत्रात ओलावा शिरून जोडण्यांवर गंज व फ्लॉपींवर बुरशी चढते. यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात, बॅटरी वेगळी काढून ठेवावे. पावसाळ्यात अधूनमधून पुड्या बदलाव्यात. भिजलेले यंत्र तांदळात ठेवण्याचा प्रचलित उपाय उपयोगी नाही. तांदूळ आतील ओल पुरेशी शोषत नाही, उलट त्याची भुकटी फटींत जाते. यंत्र उघडून कोरडे करणे हाच योग्य मार्ग होय. हिवाळ्यातील कोरड्या हवेत स्थितिक विजेचा धोका वाढतो, म्हणून बोर्ड हाताळण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करावा. जेथे विजेचा दाब कमी-जास्त होतो तेथे जुना चार्जर थेट भिंतीवरील सॉकेटला न लावता संरक्षक पट्टीतून लावणे हितावह असते.

तालुक्याच्या ठिकाणी जुने सुटे भाग मिळणे अवघड असते. मंचरमार्गे पुण्याला गेल्यास बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक वस्तूंची बाजारपेठ आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोड त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याच बनावटीचे दुसरे बंद यंत्र घेऊन दोहोंतून एक चालू करणे ही पद्धतही रूढ आहे.

कायदा व ई-कचरा

भारतात ई-कचऱ्यासंबंधीचे स्वतंत्र नियम प्रथम २०११ मध्ये करण्यात आले. सध्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. दुरुस्तीनंतर उरलेले बोर्ड, बॅटऱ्या व नळ्या भंगारात किंवा घरच्या कचऱ्यात न टाकता नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे द्याव्यात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’संबंधी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टल सुरू केले.

मर्यादा

विंडोज एक्सपीचे सुरक्षा-अद्ययावतन ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. त्यामुळे अशी यंत्रे इंटरनेटला जोडणे, विशेषतः बँकेच्या व्यवहारांसाठी वापरणे, सुरक्षित नाही. हलकी लिनक्स प्रणाली घातल्यास काही यंत्रे साध्या लेखनासाठी वापरता येतात. परंतु ज्या यंत्रात जुना मराठी मजकूर व त्याचे फॉंट आहेत, तेथे मूळ प्रणाली पुसण्यापूर्वी डिस्कची पूर्ण प्रत असणे आवश्यक ठरते. फायलींसोबत फॉंटही जपावेत, वाचता आलेली पाने पीडीएफ स्वरूपात ठेवावीत आणि शक्य तेथे मजकूर युनिकोडमध्ये उतरवून मूळाशी ताडून घ्यावा. सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मीळ होत असल्याने पुनरुज्जीवित यंत्रही कायमचे टिकत नाही. त्याच्या चालू अवस्थेचा काळ प्रामुख्याने मजकूर बाहेर काढण्यासाठी वापरणे श्रेयस्कर मानले जाते.