आधी गणित, मग दाब

डाय कापण्याआधी पत्रा कुठे फाटेल, हे टूलरूममध्ये संगणकावर पाहतात. चाकणला नोकरीत असताना एकदा संगणकाने ‘ठीक’ म्हटले आणि पहिल्याच ट्रायलला पत्रा कोपऱ्यात फाटला. गणितावर किती विसंबावे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. अतिवाहकतेचा इतिहास वाचताना त्याचे उत्तर सापडले.

विजेला मुळीच रोध न करणारा पदार्थ म्हणजे अतिवाहक. १९११ मध्ये कामर्लिंग ओनेस यांना हा गुण पाऱ्यात आढळला, तोही उणे २६९ अंशांना. १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी कारण सांगितले: अणूंच्या कंपनांमुळे इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात. अणू हलका, तर कंपने वेगवान. म्हणून १९६८ मध्ये नील ॲशक्रॉफ्ट यांनी सर्वांत हलक्या हायड्रोजनच्या धातूकडे बोट दाखवले. पण त्याला लागणारा दाब आवाक्याबाहेरचा होता. २००४ मध्ये त्यांनीच वाट सुचवली: हायड्रोजनला दुसऱ्या मूलद्रव्याची जोड द्या, कमी दाबात भागेल.

दाबाखालच्या पदार्थांचे गणित महाराष्ट्राला नवे नव्हते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील गोडवाल, सिक्का आणि चिदंबरम यांनी १९८३ मध्येच त्याचा मोठा आढावा प्रसिद्ध केला होता.

२०१४ मध्ये चीनमधील एका गटाचे गणित आले: हायड्रोजन सल्फाइड १६० गिगापास्कल दाबाला, म्हणजे चौरस सेंटिमीटरवर सुमारे १६०० टनांना, उणे १९३ अंशांच्या आसपास अतिवाहक होईल. जर्मनीत माइन्झला मिखाईल एरेमेट्स यांच्या गटाने तो दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये दाबला. २०१५ मध्ये जाहीर झालेला आकडा होता उणे ७०! दाबाखाली पदार्थच बदलला होता. गंधकाच्या एका अणूमागे हायड्रोजनचे दोनऐवजी तीन अणू झाले होते. या तीन अणूंच्या रचनेचे गणित चीनमधील दुसऱ्या गटाने केले होते, आणि ते प्रयोगाशी जुळले.

कॅल्शियम हायड्राइडचे भाकीत २०१२ चे, पडताळा २०२२ चा. उलट, २०२० मध्ये अमेरिकेतून १५ अंशांना अतिवाहकता मिळाल्याचा दावा झाला. मोजमापांवर केलेल्या प्रक्रियेबद्दल आक्षेप आल्यावर ‘नेचर’ने तो निबंध २०२२ मध्ये मागे घेतला.

आमच्या डायचेही असेच निघाले. गणितात घातलेला पत्रा आणि प्रेसखाली आलेला पत्रा एक नव्हता. खरी जाडी घालून पुन्हा गणित केले, कोपरा घासला, आणि दुसरी ट्रायल पास झाली. गणितावर विसंबावे, पण ट्रायल घ्यावी, आणि ती दुसऱ्यालाही घेता यावी.