इंग्रजी अभिजात नाटकांच्या अभ्यासाकडे : प्रस्तावना

बी.ए.च्या वर्गात शेक्सपिअर हाती आला की पहिली धास्ती वाटते ती भाषेची. चार-सहा आठवड्यांत ती ओसरते. चिवट असतो तो दुसराच समज: नाटक म्हणजे लेखकाने अखेरचा हात फिरवून ठेवलेले पक्के पुस्तक. तो सुटला की या अभ्यासाची गोडी लागते.

‘किंग लिअर’ घ्या. १६०८ मध्ये ते सुट्या क्वार्टो पुस्तिकेत छापले गेले. पुढे १६२३ मध्ये, शेक्सपिअरच्या मृत्यूला सात वर्षे झाल्यावर, जॉन हेमिंग्ज आणि हेन्री काँडेल या त्याच्या सहकारी नटांनी सिद्ध केलेल्या फोलिओत, म्हणजे मोठ्या आकाराच्या नाट्यसंग्रहात, ते आले. दोन्ही संहिता जुळत नाहीत. क्वार्टोतल्या सुमारे ३०० ओळी फोलिओत नाहीत. वादळी रात्री भ्रमिष्ट लिअर आपल्या मुलींवर खटला चालवतो, तो विलक्षण प्रसंगही त्यांतच गेला. फोलिओत शंभरेक ओळी नव्याने दिसतात.

शेवट तर मुळातूनच पालटतो. क्वार्टोत लिअर स्वतःच्याच काळजाला फुटून जायला सांगतो. फोलिओत ते वाक्य लिअरचा निष्ठावंत सरदार केंट याच्या तोंडी आहे आणि लिअर मेलेल्या मुलीच्या, कॉर्डेलियाच्या, ओठांकडे पाहा, पाहा म्हणत प्राण सोडतो. तिचा श्वास त्याला खरेच दिसला असे वाटते का? मला फोलिओतला हा मृत्यू अधिक भीषण वाटतो, कारण त्यात आशा आहे. वर्गाने दोन्ही शेवट उभे राहून, मोठ्याने वाचावेत. समारोपाचे बोल क्वार्टोत लिअरचा जावई अल्बनी याचे, फोलिओत तरुण उमराव एडगर याचे. राज्य आता कोणाच्या हाती, हा प्रश्नही त्यासरशी हलतो.

प्रेक्षकांनाही हा शेवट पेलला नाही. १६८१ मध्ये नाटककार नेहम टेटने कॉर्डेलियाला जिवंत ठेवून एडगरशी तिचे लग्न लावले, विदूषकाला वगळले, आणि इंग्लंडची रंगभूमी दीड शतक तेच रूप खेळत राहिली. विदूषक परतला तो १८३८ मध्ये, नट मॅक्रेडीच्या प्रयोगात. विंदा करंदीकरांचे ‘राजा लिअर’ किंवा शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ वाचलेल्या विद्यार्थ्याला म्हातारपणी घराबाहेर पडलेल्या बापाचे दुःख परके नाही. त्याने ती ओळख निःसंकोच वर्गात आणावी.

सुरुवात मात्र मार्लोच्या ‘डॉक्टर फाउस्टस’पासून करावी. त्याच्याही १६०४ आणि १६१६ अशा दोन संहिता आहेत. फाउस्टसचे छिन्नविच्छिन्न अवयव विद्वान मित्रांना सापडतात, तो प्रवेश फक्त दुसरीत आहे. तो ठेवून एकदा वाचा, गाळून एकदा वाचा, आणि कोणता प्रयोग बसवाल ते कारणांसह लिहून आणा.