'इनलाइनेबल' या खुणेची कुळकथा

हॅस्केल भाषेतल्या 'इनलाइनेबल' या खुणेचं, म्हणजे फंक्शनसाठी कम्पायलरला लिहून दिलेल्या टिपेचं, मूळ टाइप क्लासमध्ये आहे. ग्लासगो विद्यापीठात काम करणाऱ्या फिलिप वॉडलर यांनी 1988 मध्ये ती कल्पना मांडली आणि 1989 मध्ये स्टीफन ब्लॉट यांच्यासह त्यावर निबंध लिहिला. एकच तुलना अनेक प्रकारच्या माहितीवर चालावी, म्हणून फंक्शनला गुपचूप एक जादा आर्ग्युमेंट द्यायचं: 'डिक्शनरी', म्हणजे त्या प्रकारासाठीच्या क्रियांचा तक्ता. रचना देखणी, पण चालताना खर्चिक. जी तुलना प्रोसेसर एका सूचनेत उरकतो, तिच्यासाठी आधी तक्ता उघडायचा, क्रिया शोधायची, मग तिला कॉल करायचा.

ग्लासगोच्या कम्पायलरने, म्हणजे जीएचसीने, यावर दोन उपाय वापरले. कॉलच्या जागी फंक्शनचा मजकूरच उतरवायचा, हे इनलायनिंग. डिक्शनरी आधीच माहीत असेल तर फक्त त्या प्रकारासाठी फंक्शनची वेगळी प्रत काढायची, हे स्पेशलायझेशन. प्रत निघाली की तक्त्यातली नेमकी क्रिया कळते आणि तीही जागेवर उतरवता येते. एकाचं काम दुसऱ्याला वाट करून देतं.

गुंता झाला मॉड्यूलच्या सीमेवर. प्रत काढायला मूळ मजकूर हवा, आणि तो दुसऱ्या मॉड्यूलला मिळतो इंटरफेस फाइलमधून. तिथे जीएचसी आपणहून लहान फंक्शनांचाच मजकूर ठेवतो, कारण मोठा मजकूर कुणी जागेवर उतरवणार नसतो. इनलायनिंगच्या मापाने स्पेशलायझेशनचं नशीब ठरत होतं! माझ्या मते या साऱ्या कथेचं मर्म इथेच आहे. 'कंटेनर्स' लायब्ररीतल्या मॅपमध्ये किल्ली-मूल्याच्या जोड्या झाडाच्या रूपात ठेवलेल्या असतात; त्यात नवी जोडी घालणारं 'इन्सर्ट' पाहा. झाडात उतरताना ते पायरीगणिक तुलना करतं, म्हणून वेगळ्या प्रतीचा त्याला मोठा लाभ. पण सगळा मजकूर प्रत्येक कॉलपाशी उतरवला तर प्रोग्राम फुगतो.

जीएचसी 7 च्या मालिकेतल्या 'इनलाइनेबल'ने हे दोन निर्णय वेगळे केले. आकार कितीही असो, मजकूर इंटरफेस फाइलमध्ये जातो. जागेवर उतरवायचा की नाही, हे कम्पायलर नेहमीसारखं ठरवतो. शिवाय जातो तो प्रोग्रामरने लिहिलेला मजकूर, ऑप्टिमायझरने घुसळलेला नव्हे. 'इन्सर्ट'वर आज हीच खूण आहे. ऑप्टिमायझेशन चालू ठेवून पूर्णांकांच्या किल्ल्यांसाठी ते वापरलं, तर वापरणाऱ्या मॉड्यूलमध्येच त्याची प्रत निघू शकते.

मात्र 'इन्सर्ट'ला कॉल करणारं तुमचं फंक्शनही डिक्शनरी घेणारं, मोठं आणि खुणेविना असेल, तर पलीकडच्या मॉड्यूलला त्याचा मजकूर दिसत नाही, आणि तिथून आत सगळीकडे पुन्हा तक्ताच फिरत राहतो.