जन्मभूमी, कर्मभूमी आणि जॅक रेनॉल्ड्स

जन्मभूमी आणि कर्मभूमी हे शब्द आम्ही एका दमात उच्चारतो. परंतु या दोहोंत तंटा उभा राहिला, तर माणूस कोणाचा मानावयाचा? जॅक रेनॉल्ड्स या जुन्या फुटबॉलपटूच्या चरित्राने हाच प्रश्न आमच्यापुढे ठेवला आहे.

रेनॉल्ड्स १८६९ साली इंग्लंडातील ब्लॅकबर्न या गिरण्यांच्या गावी जन्मला. त्याचे बालपण मात्र आयर्लंडात गेले, आणि पुढे इंग्रज पलटणीचा शिपाई म्हणून तो पुन्हा तेथेच गेला. पलटण सुटल्यावर तो तिकडच्या डिस्टिलरी व अल्स्टर या संघांतून खेळू लागला. आयर्लंडने त्याला पाच सामन्यांत उतरविले. मार्च १८९० मध्ये बेलफास्ट येथे इंग्लंडने आयर्लंडचा ९-१ असा धुव्वा उडविला. आयर्लंडची लाज राखणारा तो एकुलता गोल रेनॉल्ड्सचा होता.

१८९१ साली तो वेस्ट ब्रॉमविच आल्बिअन या इंग्रज क्लबात आला आणि त्याचा जन्म इंग्लंडातला असल्याचे उघड झाले. लगेच पुढल्या वर्षी तो इंग्लंडकडून स्कॉटलंडविरुद्ध खेळला. इंग्लंडसाठी त्याने आठ सामन्यांत तीन गोल केले. इंग्लंडविरुद्धही गोल आणि इंग्लंडसाठीही गोल, अशी ही दुर्मिळ जमाखर्चाची वही!

मग त्याला फितूर म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्या काळी दोन्ही देश एकाच राजमुकुटाखाली होते. फिफा ही जागतिक संस्था १९०४ साली निघाली. इंग्लंडात खेळाडूंना वेतन देण्यास १८८५ पासून मुभा होती, आणि रेनॉल्ड्सचे पोट खेळावर होते. १८९२ च्या एफ. ए. कप अंतिम सामन्यात त्याने ॲस्टन व्हिलावर गोल चढविला. १८९३ साली तो व्हिलातच गेला आणि १८९५ च्या अंतिम सामन्यात त्याच आल्बिअनला हरविणाऱ्या संघात होता. १८९७ साली व्हिलाने लीग व कप दोन्ही जिंकले, तेव्हाही तो संघात होता. क्लब बदलणाऱ्यास आम्ही पोटार्थी म्हणून क्षमा करतो. देश बदलणाऱ्यास मात्र करीत नाही.

पुढे त्याने कोळशाच्या खाणीत मजुरी केली. १९१७ साली, अवघ्या ४८ व्या वर्षी, शेफील्ड येथे त्याचा अंत झाला. पाय चालत होते तोवर दोन देशांनी त्याला आपला म्हटले. माणूस कोणाचा, हे विचारण्याचा अधिकार त्याच्या पडत्या काळात जो त्याची विचारपूस करतो त्याचाच, असे आम्हांस वाटते.